जुने पिक्चर बघायचेत, पण सुरुवात कुठून करायची?

जुने सिनेमे बघायचं मनावर घेतलेले बरेच जण एकाच जागी अडकतात. नेटवरची "जगातले शंभर सर्वोत्तम" टाइप एखादी यादी उघडायची, पहिल्या नंबरापासून सुरू करायचं, दुसऱ्या-तिसऱ्या पिक्चरला डोळे मिटायला लागतात आणि मग "आपल्याला नाही बुवा झेपत हे जुनं" म्हणून विषय कायमचा बंद. मला हे ऐकलं की खरंच वाईट वाटतं, कारण पिक्चर चांगला असतो, बघणाराही शहाणा असतो, फक्त क्रम चुकलेला असतो. 'सिटिझन केन' मला प्रचंड आवडतो पण पहिल्याच दिवशी कुणी तो लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे, त्यातली मजा कळायला त्याच्या आधीचे चार पिक्चर बघितलेले असावे लागतात.

म्हणून ही माझी यादी, माझ्या क्रमाने. यादी म्हणण्यापेक्षा गप्पाच समजा.

त्याआधी एक गोष्ट, जी मला इतकी वर्षं जुने पिक्चर बघून पटलीये. या लोकांकडे साधनं कमी होती, कॅमेरे अवजड होते, सेन्सॉर कडक होता, खून दाखवायचा नाही, शय्यागृह दाखवायचं नाही, पैसे तर बहुतेकांकडे नसायचेच. त्यामुळे काय दाखवायचं यापेक्षा काय दाखवायचं नाही याचा विचार त्यांना फार करावा लागला, आणि जे भारी दिग्दर्शक होते त्यांनी या अडचणीचीच ताकद केली. न दाखवलेली गोष्ट बघणाऱ्याच्या डोक्यात तयार होते आणि तिथून ती जात नाही. जुना पिक्चर बघताना एवढं एकच लक्षात ठेवा, की आत्ता आपल्याला काय दाखवलेलं नाहीये.

तर पहिला पिक्चर, डोळे झाकून, 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७). सिडनी ल्युमेटचा पहिलाच सिनेमा, फक्त ९६ मिनिटं. खुनाचा आरोप असलेल्या एका पोराचा खटला संपलाय, आता बारा ज्युरींनी एका खोलीत बसून एकमताने निकाल द्यायचाय आणि अकरा जणांना तो दोषी वाटतो. बस, एवढंच. खून दिसत नाही, साक्षीदार धड दिसत नाहीत, तो पोरगा सुरुवातीला क्षणभर दिसतो, बाकी सगळा वेळ एक खोली, एक टेबल, उकाडा आणि बारा घामेजलेली माणसं. आणि तरी संपेपर्यंत तो खून झालेला फ्लॅट, ती बाजूने जाणारी ट्रेन, तो जिना, हे सगळं आपण स्वतः जाऊन बघून आलोय असं वाटत असतं. यात एक गंमत आहे जी दुसऱ्यांदा बघताना नक्की शोधा, ल्युमेटने सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या उंचीच्या वर ठेवलाय, मधल्या भागात डोळ्यांच्या लेव्हलला आणि शेवटच्या भागात त्याच्याही खाली, शिवाय लेन्सही बदलत नेल्या, त्यामुळे भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात, छत दिसायला लागतं आणि आपला जीव गुदमरतो, पण का गुदमरतोय ते कळत नाही. हिंदीत बासू चॅटर्जींनी यावरून 'एक रुका हुआ फैसला' (१९८६) केला, तोही मस्तच आहे, पण आधी मूळ बघा.

हा आवडला की लगेच हिचकॉकचा 'रिअर विंडो' (१९५४). पाय प्लास्टरमध्ये असलेला एक फोटोग्राफर खिडकीत बसून समोरच्या बिल्डिंगमधली घरं न्याहाळत असतो आणि त्याला संशय येतो की एका माणसाने बायकोला मारलंय. कॅमेरा जवळपास सगळा वेळ त्या खोलीतच राहतो, त्याला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं. समोरचं ते अख्खं अंगण, त्या इमारती, सगळा स्टुडिओत उभारलेला सेट आहे. आणि कान देऊन ऐका, गाणी, रेडिओ, पियानो, पोरांचा आरडाओरडा, बहुतेक सगळा आवाज त्या अंगणातूनच येतो. लोक हिचकॉक म्हटलं की 'सायको'च सांगतात, तो बघाच, पण भीती कशी बांधतात हे 'रिअर विंडो'त जास्त स्वच्छ दिसतं असं मला वाटतं.

आता जरा मागे, मूकपटाकडे. इथे बरेच जण घाबरतात, "आवाजच नाही मग काय बघायचं". त्यांनी बस्टर कीटनचा 'शेरलॉक ज्युनियर' (१९२४) बघावा, जेमतेम पाऊण तासाचा आहे. थिएटरातला एक प्रोजेक्टर चालवणारा पोरगा झोपतो आणि स्वप्नात चालत चालत थेट समोरच्या पडद्यात शिरतो, आणि पडद्यातला सीन बदलत राहतो, तो बाकावर बसायला जातो तर रस्ता येतो, कड्यावरून वाकून बघतो तर सिंहांच्या मध्ये सापडतो, समुद्रातल्या खडकावरून सूर मारतो तो बर्फात जाऊन पडतो. कॉम्प्युटर नाही, काही नाही, प्रत्येक शॉटला त्याची जागा आणि कॅमेऱ्याचं अंतर नेमकं मोजून घेतलंय. आणि ती रेल्वेच्या पाण्याच्या टाकीखाली पडण्याची जी स्टंट आहे त्यात कीटनच्या मानेचं हाड मोडलं होतं, ते त्याला कळलं कितीतरी वर्षांनी, एक्स-रे काढल्यावर. हा माणूस चेहऱ्याची रेषाही हलवत नाही. त्याच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते आपणच भरत राहतो, म्हणून तो शंभर वर्षांनंतरही शिळा होत नाही.

चॅप्लिन सगळ्यांना माहीत असतो पण बहुतेकांनी त्याचे तुकडेच बघितलेले असतात. सलग बघायचा तर 'सिटी लाइट्स' (१९३१). बोलपट १९२७ पासून जोरात आले होते, सगळं हॉलिवूड बोलायला लागलं होतं आणि हा गडी हट्टाने मूकपट करतोय, संगीत मात्र स्वतः रचून ध्वनिपट्टीवर घातलंय. आंधळ्या फुलवालीला हा फाटका माणूस श्रीमंत वाटला पाहिजे, तेही एक शब्द न बोलता, हे कसं दाखवायचं यावर त्याने तो एकच सीन पुन्हा पुन्हा, शेकड्यांनी टेक घेऊन शूट केला. शेवटी उत्तर निघालं ते मोटारीच्या बंद होणाऱ्या दाराचं, म्हणजे मूकपटातला न ऐकू येणारा आवाज! शेवटचा सीन मी इथे सांगणार नाही, कुणी सांगायला लागलं तर कान बंद करा.

मूकपटाबद्दल एक टीप, कारण यामुळे खूप लोकांचा गैरसमज होतो. जुन्या पिक्चरमधली माणसं तुरुतुरु पळताना दिसतात ना, ते तसे शूट झालेले नव्हते. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे, साधारण सेकंदाला १६ ते २२ फ्रेम वगैरे, आणि नंतर बोलपटांबरोबर २४ फ्रेमचा नियम पक्का झाला, मग तीच जुनी रिळं २४ च्या वेगाने चालवली की सगळे पळायला लागतात. चांगल्या रिस्टोअर केलेल्या प्रिंटमध्ये वेग बरोबर केलेला असतो. त्यामुळे कुठली प्रिंट मिळतेय हे बघूनच लावा, वाटेल ती धुरकट कॉपी लावून "मूकपट बोअर असतात" म्हणू नका. अजून एक, हे पिक्चर जवळजवळ चौकोनी चौकटीत काढलेत, टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणारच, येऊ द्या. ताणून फुल स्क्रीन केलं की माणसं बुटकी आणि रुंद होतात, आणि झूम केलं तर डोकी कापली जातात. आणि रंगवलेल्या कॉप्या तर कृपा करून टाळा. 'मुघल-ए-आझम' (१९६०) मध्ये सगळा पिक्चर ब्लॅक अँड व्हाइट चाललेला असताना शीशमहालातल्या गाण्याला एकदम रंग येतो, अनारकली उघड उघड बंड करते तिथेच, हा केवढा मोठा धक्का आहे. २००४ च्या पूर्ण रंगीत आवृत्तीत तो धक्काच गेला. ज्यांनी रंगवला त्यांची मेहनत मोठी असेल पण मला ते पटत नाही.

आता ज्या पिक्चरमुळे मला ही न दाखवण्याची गोष्ट पहिल्यांदा नीट कळली तो, फ्रिट्झ लांगचा 'एम' (१९३१), जर्मन. शहरात लहान मुलींचे खून होतायत. सुरुवातीलाच एक आई मुलीची शाळेतून यायची वाट बघतेय, तिला हाका मारतेय, आणि लांग आपल्याला काय दाखवतो तर रिकामा जिना, कपडे वाळत घातलेला रिकामा माळा, टेबलावर मांडलेली पण न वापरलेली ताटली. मग झुडपातून घरंगळत येणारा चेंडू. मग तारांमध्ये अडकलेला फुगा. बस्स. एक थेंब रक्त नाही, पण मला तेवढं भयंकर आजच्या कुठल्याही क्राइम सिरीजमध्ये सापडलेलं नाही. हा लांगचा पहिला बोलपट, म्हणजे आवाज हातात आल्या आल्या त्याने काय केलं तर खुन्याला एक शीळ दिली, माणूस दिसायच्या आधी शीळ ऐकू येते, आणि ती शीळ ओळखतो कोण तर एक आंधळा फुगेवाला. पीटर लॉरेने खुनी केलाय, शेवटी त्याचं जे बोलणं आहे ते ऐकून कुणाच्या बाजूने उभं राहायचं तेच कळेनासं होतं. रात्री एकट्याने बघू नका एवढंच म्हणेन.

आपल्या मराठीकडे येऊ. प्रभात फिल्म कंपनीचे पिक्चर म्हटलं की लोक आदराने मान डोलावतात आणि बघत मात्र नाहीत, हे मला फार खटकतं. 'कुंकू' (१९३७) बघा. व्ही. शांतारामांचा, ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा. फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेली नीरा, शांता आपटे, हे लग्न मानायलाच नकार देते, रडत कोपऱ्यात बसत नाही, सरळ नाही म्हणते. १९३७ साली! यात पार्श्वसंगीत वापरलेलं नाही, जे ऐकू येतं ते त्या घरातलं, घड्याळ, दारं, पावलं, त्यामुळे त्या वाड्यात नीराची जी घुसमट होते ती आपल्यापर्यंत थेट येते, व्हायोलिन वाजवून कुणी आपल्याला रडा म्हणून सांगत नाही. केशवराव दात्यांचा म्हातारा नवराही नुसता व्हिलन केलेला नाही, त्याची स्वतःचीच हळूहळू होणारी जाणीव दिसते, मला तर कधी कधी तो नीरापेक्षा जास्त आठवतो.

'संत तुकाराम' (१९३६), दामले-फत्तेलालांचा, तो भाविकांसाठीच आहे असं समजून बाजूला ठेवू नका. विष्णुपंत पागनीस तुकाराम झालेत हे खरं, पण पिक्चर अर्धा जिजाईचा आहे, गौरी नावाच्या अभिनेत्रीने ती केलीये आणि काय केलीये. नवरा देवाच्या नादी, पोरं उपाशी, आणि ही पांडुरंगाशी सरळ भांडण काढते, आजारी पोराला घेऊन तणतणत देवळात जाते. चमत्कार आहेतच पिक्चरमध्ये, पण त्यांच्या शेजारी तिचा संसार इतका खरा उभा केलाय की चमत्कारसुद्धा त्याच अंगणात घडल्यासारखा वाटतो. हे दोन झाले की 'माणूस' (१९३९), हवालदार आणि मैना, शांता हुबळीकर, त्याबद्दल जास्त सांगत नाही, बघाच.

आणि नंतरच्यातले 'सामना' आणि 'सिंहासन' (१९७९), दोन्ही जब्बार पटेलांचे, दोन्हीची पटकथा विजय तेंडुलकरांची. 'सामना'त निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू समोरासमोर, आणि सगळा पिक्चर उभा आहे तो "मारुती कांबळेचं काय झालं?" या एका प्रश्नावर. जो माणूस गावात नाहीये तोच गावभर भरून राहिलाय. 'सिंहासन' तर अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून केलेला, ब्लॅक अँड व्हाइट, मुख्यमंत्री अरुण सरनाईक, अर्थमंत्री डॉ. लागू आणि पत्रकार दिगू टिपणीस म्हणजे निळू फुले, शेवटी दिगूचं जे होतं ते बघून मी कितीतरी वेळ टीव्ही बंद केला नव्हता.

'पथेर पांचाली' (१९५५) बद्दल इतकं लिहिलं गेलंय की नवीन काय सांगणार, पण बघितला नसेल तर सांगावंच लागेल. सत्यजित राय यांचा पहिला पिक्चर, कॅमेरामन सुब्रत मित्र यांचाही पहिलाच. काशफुलांच्या रानातून दुर्गा आणि अपू ट्रेन बघायला पळतात तो सीन सगळ्यांना माहीत असतो, त्याचं शूटिंग एक दिवस झालं, पुढच्या आठवड्यात येऊन बघतात तर गुरांनी सगळी फुलं खाऊन टाकलेली, मग पुढच्या वर्षी फुलं येईपर्यंत थांबले. पैसे संपायचे, काम बंद पडायचं, शेवटी पश्चिम बंगाल सरकारने पैसे दिले तेव्हा पूर्ण झाला. पण माझ्यासाठी त्यातला सीन वेगळा आहे. बाप खूप दिवसांनी घरी येतो, त्याला घरात काय झालंय ते माहीत नाही, मुलीसाठी आणलेली साडी तो बायकोच्या हातात देतो आणि ती कोसळते, आणि तिचा हंबरडा आपल्याला ऐकूच येत नाही, त्या जागी तारशहनाईचा सूर येतो. रडणं काढून घेतलं आणि ते कितीतरी पटीने मोठं झालं. १९९३ साली लंडनच्या लॅबमध्ये आग लागून याची मूळ निगेटिव्ह जळाली होती, त्या जळक्या रिळांमधलं जे वाचवता आलं ते वाचवून आणि बाकीचं इतर कॉप्यांमधून घेऊन २०१५ मध्ये नवी प्रिंट आली. तीच शोधून बघा, पावसाचा पहिला थेंब सुद्धा दिसतो.

रायना १९५० साली लंडनमध्ये जो पिक्चर बघून बळ मिळालं तो डे सिकाचा 'बायसिकल थीव्ज' (१९४८). बेकार माणसाला काम मिळतं, कामाला सायकल हवी, सायकल चोरीला जाते, बाप-लेक दिवसभर रोममध्ये ती शोधतात. गोष्ट संपली. अमेरिकेतला एक मोठा निर्माता पैसे घालायला तयार होता पण त्याला हिरो म्हणून कॅरी ग्रँट हवा होता, डे सिकाने नको म्हटलं आणि एका कारखान्यातल्या कामगाराला उभं केलं, लँबर्टो माजोरानी. आधीच गहाण पडलेली सायकल सोडवायला बायको घरातल्या चादरी गहाण टाकते, तिथला माणूस ते गाठोडं घेऊन शिडीवर चढतो आणि कॅमेरा वर वर जातो, चादरींच्या गाठोड्यांनी भरलेले खण, छतापर्यंत. गरिबीवर एक वाक्य बोललेलं नाही.

यानंतर मन तयार असेल तर ओझूचा 'टोकियो स्टोरी' (१९५३). म्हातारे आईबाप मुलांना भेटायला टोकियोला येतात आणि कुणाला वेळ नसतो. कॅमेरा जमिनीवर बसलेल्या माणसाच्या उंचीला आणि जवळपास हलतच नाही. पहिला अर्धा तास संथ वाटेल, वाटू द्या, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. इथे वाईट असं कुणीच नाही, मुलगा डॉक्टर आहे त्याला पेशंट आहेत, मुलीचं पार्लर आहे, सगळ्यांची कारणं खरी आहेत, त्यामुळेच जास्त लागतं. युद्धात गेलेल्या मुलाची बायको, सेत्सुको हारा, तिच्या हसण्याकडे लक्ष ठेवा. हा आवडला तर याच विषयावरचा त्याच्या आधीचा अमेरिकन 'मेक वे फॉर टुमारो' (१९३७) बघा, लिओ मॅकॅरीचा. मॅकॅरीला त्या वर्षी ऑस्कर मिळालं ते दुसऱ्याच एका कॉमेडीसाठी आणि ते घेताना तो म्हणाला होता की तुम्ही चुकीच्या पिक्चरला दिलंत. मला त्याचं म्हणणं शंभर टक्के पटतं.

जे मी सुरुवातीला सुचवत नाही तेही सांगते, म्हणजे गैरसमज नको. ड्रायरचा 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' (१९२८) अफाट आहे, हरवली म्हणून सोडून दिलेली त्याची मूळ प्रिंट १९८१ मध्ये ऑस्लोतल्या एका मनोरुग्णालयात सापडली, पण तो सगळा चेहऱ्यांचा पिक्चर आहे, थोडी सवय झाल्यावर बघा. आणि 'गॉन विथ द विंड' (१९३९) मला मनापासून सुचवता येत नाही, दिसायला भव्य आहे पण गुलामगिरीचा काळ जणू सोनेरी होता असं तो दाखवतो. तिथेही काय दाखवलं नाही ते बघायचं, फक्त ते लपवलेलं आहे. जुनं आहे म्हणून सगळंच डोक्यावर घ्यायची गरज नाही.

आणि मोकळा असा एखादा अख्खा दिवस मिळाला तर कुरोसावाचा 'सेव्हन समुराई' (१९५४). २०७ मिनिटं आहेत, मध्यंतरासकट, आणि एकही मिनिट जड नाही. गाव वाचवायला सात जण जमवायचे ही कल्पना पुढे किती पिक्चरमध्ये आली ते मोजता येणार नाही. चाळीस दरोडेखोर आहेत, समुराईंचा म्होरक्या कागदावर तेवढे गोल काढतो आणि एकेक मेला की एकेक गोल खोडतो, त्यामुळे शेवटच्या पावसातल्या लढाईत इतका चिखल आणि गोंधळ असूनही किती उरलेत हे आपल्याला प्रत्येक क्षणी माहीत असतं. ती लढाई त्याने एकापेक्षा जास्त कॅमेरे लावून एकदम शूट केली. पहिला तास समुराई गोळा करण्यात जातो तो अजिबात पुढे ढकलू नका, लाकडं फोडणारा समुराई आणि दारामागे काठी घेऊन उभा केलेला पोरगा हे दोन सीन त्याच तासात आहेत.